बर्नरच्या देखभालीला शिफ्टमध्ये हक्काचा वेळ द्या : बॉयलर कामगारांचे मागणीपत्र

प्रति,
बाष्पके संचालनालय, छत्रपती संभाजीनगर कार्यालय
औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालय, छत्रपती संभाजीनगर कार्यालय
सीएमआयए आणि मसिआ या उद्योजक संघटनांचे पदाधिकारी
तेलावर बॉयलर चालवणाऱ्या सर्व कारखान्यांचे व्यवस्थापन

विषय : ऑईल बर्नरची नियमित देखभाल, तिचा वेळ, तिची नोंद आणि ती करणाऱ्या कामगारांची सुरक्षा.

महोदय,

वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा, चितेगाव आणि पैठण येथील औद्योगिक वसाहतींत बॉयलर चालवणाऱ्या आणि बर्नर उघडून साफ करणाऱ्या अटेंडंट, फिटर व हेल्पर यांच्या वतीने हे मागणीपत्र देत आहोत. औषध कारखान्यांतले रिॲक्टर, बिअरसाठी माल्टचा काढा उकळणाऱ्या टाक्या, टायर पक्के करणारे साचे, पुठ्ठ्याला लाटा पाडणारे गरम रोल, इस्पितळांची धुलाई हे सगळे वाफेवर चालते. ही वाफ जिथे ब्रिकेट किंवा कोळशाऐवजी तेल जाळून तयार होते, तिथे बॉयलरच्या तोंडाशी बसवलेला बर्नर हे सगळ्यांत लवकर घाण होणारे आणि रोज लक्ष मागणारे यंत्र असते. नेमक्या याच यंत्राच्या देखभालीसाठी बहुतेक लहान-मध्यम कारखान्यांत ठरलेला वेळ नाही, नोंदवही नाही आणि नाव घेऊन विचारावा असा जबाबदार माणूसही नाही. आमच्या सगळ्या मागण्या या एका उणिवेतून निघाल्या आहेत.

ही उणीव का राहिली, ते आधी सांगतो. १८६३ साली कलकत्त्यात बॉयलर फुटून अनेक माणसे गेली आणि पुढच्याच वर्षी बंगालमध्ये बॉयलर तपासणीचा कायदा झाला. देशभरासाठी १९२३ चा भारतीय बॉयलर कायदा आला, १९५० ची नियमावली आली, आणि आता १९२३ च्या कायद्याची जागा २०२५ च्या बॉयलर अधिनियमाने घेतली आहे. या कायद्यांचा रोख पहिल्यापासून दाबाखालच्या भागांवर राहिला. शेलची जाडी, ट्यूब, वेल्डिंग, सेफ्टी व्हॉल्व्ह, पाण्याची पातळी दाखवणारी काच यांची कसून तपासणी होते आणि त्या कडकपणामुळेच आम्ही बॉयलरशेजारी निर्धास्त उभे राहू शकतो. त्या तपासणीबद्दल आमची तक्रार नाही. पण वार्षिक तपासणीसाठी बॉयलर थंड, रिकामा आणि आतून साफ करून द्यावा लागतो. त्या दिवशी बर्नर काढून बाजूला ठेवलेला असतो. म्हणजे ज्या ज्योतीवर बॉयलरचे वर्षभराचे आयुष्य चालते, ती तपासणीसमोर येतच नाही. दाखला मिळतो, बर्नर पुन्हा बसतो, आणि पुढचे वर्षभर तो कसा जळतो हे धुराडे आणि रात्रपाळीचा अटेंडंट यांनाच ठाऊक असते.

आता आमची पहिली आणि सर्वांत तातडीची मागणी. ती रिसेटच्या बटणाबद्दल आहे.

बर्नर सुरू होताना आधी ब्लोअर फिरतो आणि भट्टीत साचलेला वायू बाहेर ढकलतो. यालाच पर्ज म्हणतात. मग इलेक्ट्रोडवर ठिणगी पडते, सॉलेनॉइड व्हॉल्व्ह उघडतो, नोझलमधून तेलाचा फवारा येतो आणि तो पेटतो. फोटोसेलला ज्योत दिसली तर तेल चालू राहते. दिसली नाही तर काही सेकंदांत तेल बंद होऊन बर्नर लॉकआउटमध्ये जातो. ही योजना अतिशय विचारपूर्वक केलेली आहे. पण त्या काही सेकंदांत उडालेले, न जळलेले तेल भट्टीच्या तापलेल्या विटांवर पडते आणि त्याची वाफ होऊ लागते. पाठोपाठ रिसेट दाबला, पुन्हा ज्योत धरली नाही, पुन्हा दाबला, तर दर खेपेला भट्टीत तेल वाढत जाते. मग एखादी ठिणगी धरते आणि भट्टीत साठलेले सगळे एकदम पेटते. यात बॉयलरचा शेल फुटतोच असे नाही. भट्टीचा दरवाजा उडतो, धुराड्याकडच्या बाजूचे झाकण निखळते, बर्नरसमोर वाकलेल्या माणसाचा चेहरा आणि हात भाजतात.

हे प्रत्येक अटेंडंटला माहीत असते. तरीही रिसेट पुन्हा पुन्हा दाबला जातो, कारण प्रॉडक्शनमधून फोन येत असतो आणि वाफेचा काटा खाली येत असतो. आणखी एक प्रकार याहून वाईट आहे : फोटोसेल काजळीने माखून वारंवार ट्रिप देऊ लागला, की त्याच्यासमोर टॉर्च धरायची किंवा त्याच्या वायर जोडून टाकायच्या. असे केले की ज्योत विझली तरी तेल चालूच राहते. फोटोसेल बायपास केलेला बर्नर हा चालू बर्नर नव्हेच. त्याच्यासमोर माणूस उभा करणे हा गुन्हा मानला जावा, अशी आमची ठाम भूमिका आहे.

म्हणून आमची मागणी अशी : लॉकआउट झाल्यावर अटेंडंटने भट्टीत डोकावून, तेलाचा दाब व तापमान पाहून आणि पूर्ण पर्ज करून एकदाच रिसेट करावा. दुसऱ्यांदा लॉकआउट झाला तर बर्नर बंद राहील, कारण शोधले जाईल, आणि मेंटेनन्स इंजिनिअरची सही नोंदवहीत पडल्याशिवाय तो सुरू होणार नाही. हा नियम मराठीत मोठ्या अक्षरांत पॅनलशेजारी लावावा, त्याखाली व्यवस्थापनाची सही असावी. आणि या नियमाप्रमाणे बॉयलर थांबवणाऱ्या कामगाराला मेमो देऊ नये, त्याची हजेरी कापू नये, कंत्राटी असेल तर त्याला दुसऱ्या दिवशी गेटवरून परत पाठवू नये. शेवटचे वाक्य आम्ही मुद्दाम लिहिले आहे. गेटवरून परत जाण्याच्या भीतीनेच रात्री दोन वाजता ते बटण तिसऱ्यांदा दाबले जाते.

दुसरी मागणी वेळेची. दर आठवड्याला प्रत्येक ऑईल बर्नरसाठी दीड ते दोन तासांचा वेळ उत्पादनाच्या वेळापत्रकात आधीपासून लिहिलेला असावा, जेवणाच्या सुट्टीत किंवा शिफ्ट बदलताना उरकायचा नव्हे. या वेळात नोझल आणि डिफ्यूजर प्लेट काढून त्यांवरचा कार्बन काढणे, इलेक्ट्रोडचे अंतर उत्पादकाच्या मापाप्रमाणे लावणे, त्याच्या चिनी मातीच्या भागाला तडा गेला आहे का पाहणे, फोटोसेलची काच पुसणे, तेलाचा स्ट्रेनर धुणे, होजच्या जोडांवर गळती शोधणे ही कामे व्हावीत. शेवटी, बर्नर चालू असताना फोटोसेल बाहेर काढून बर्नर खरोखर ट्रिप होतो का, हे दर आठवड्याला पाहिलेच पाहिजे. या एका चाचणीला काही मिनिटे लागतात. सुरक्षेचे यंत्र जिवंत आहे, याचा दुसरा पुरावा नाही.

मालकवर्गाकडून यावर ठरलेले उत्तर येते की तेवढा वेळ उत्पादन थांबते. त्याचा हिशोब आम्ही त्यांच्याच भाषेत मांडतो. ताशी २ टन वाफेचा, तेलावर चालणारा बॉयलर पूर्ण भारावर तासाला साधारण दीडशे लिटर तेल जाळतो. धुराड्यातून जाणाऱ्या वायूचे तापमान २२ अंश सेल्सिअसने वाढले, की बॉयलरची कार्यक्षमता सुमारे १ टक्क्याने उतरते, हे ऊर्जा लेखापरीक्षणाच्या पुस्तकांतले पायाभूत गणित आहे. नोझल खराब झाले की थेंब जाड पडतो, जाड थेंब पुरता जळत नाही, त्याची काजळी ट्यूबवर बसते, काजळी उष्णता पाण्यात जाऊ देत नाही आणि ती धुराड्यातून निघून जाते. ट्यूबवर ३ मिलिमीटर काजळी बसली तर तेलाचा खर्च अडीच टक्क्यांनी वाढतो. समजा, धुराड्याचे तापमान नुसते ४४ अंशांनी वाढले. २ टक्के म्हणजे तासाला ३ लिटर. दिवसाला २० तास आणि वर्षाला ३०० दिवस धरले तर १८,००० लिटर तेल धुराड्यातून गेले. आठवड्याचे दोन तास याहून स्वस्त आहेत, हे सांगायला लेखापालाची गरज नाही. गळतीचेही तसेच. सेकंदाला एक थेंब गळणारा जोडही वर्षभरात भरपूर तेल जमिनीवर ओततो, आणि त्याच तेलावरून पाय घसरून पडतो तो कामगार.

दर तासाच्या लॉगशीटवर वाफेचा दाब आणि पाण्याची पातळी लिहिली जाते. त्यात तेलाचा दाब, बर्नरपाशी तेलाचे तापमान, धुराड्याचे तापमान आणि ज्योतीचा रंग हे चार रकाने वाढवावेत. हे लिहायला अटेंडंटला वेगळे शिक्षण लागत नाही, पाहायची सवय त्याला आहेच; ज्योत लालसर आणि धुरकट आहे, की मागच्या भिंतीला भिडते आहे, की तोंडाशी उडते आहे, हे तो काचेतून एका नजरेत सांगतो. त्याचे ते पाहणे कागदावर येत नाही, म्हणून त्याला किंमत मिळत नाही.

तिसरी बाब सुट्या भागांची. नोझल तारेने किंवा पिनने टोकरून साफ करण्याची पद्धत बंद झाली पाहिजे. नोझलचे भोक आणि आतल्या तिरप्या खाचा इतक्या बारीक मापाच्या असतात की एक ओरखडा फवाऱ्याचा कोन बिघडवतो. तेलात भिजवून, मऊ ब्रशने आणि हवेच्या दाबाने नोझल साफ करावे. झिजले असेल तर बदलावे. पण बदलायला नवे नोझल स्टोअरमध्ये असले पाहिजे. प्रत्येक बॉयलरसाठी नोझलचा जादा संच, इलेक्ट्रोडची जोडी, एक फोटोसेल, होज आणि पंपाची सील कारखान्यातच शिल्लक ठेवणे बंधनकारक करावे. वाफ कमी पडते म्हणून मोठ्या मापाचे नोझल टाकायचे, हा प्रकारही थांबावा. तेल वाढते, हवा तेवढीच राहते, आणि न जळलेले तेल धूर होऊन बाहेर पडते. नोझलचे माप आणि कोन बदलायचा असेल तर इंजिनिअरची लेखी परवानगी आणि हवेच्या डॅम्परची नवी जुळणी दोन्ही झाली पाहिजे.

गाळणीबद्दलही सांगायला हवे. टँकरमधून तेल उतरवताना १० मेशची जाळी, सर्व्हिस टँक आणि प्रीहीटर यांच्या मध्ये ४० मेशची, आणि बर्नरआधी १०० मेशची, अशी टप्प्याटप्प्याने बारीक होत जाणारी गाळणी असावी असे शिकवले जाते. प्रत्यक्षात शेवटची जाळी वारंवार तुंबते म्हणून काढून टाकलेली आढळते. जाळी काढून प्रश्न सुटत नाही, तो पुढे नोझलमध्ये जाऊन बसतो. जाळी तुंबते कारण टँकच्या तळाशी गाळ आणि पाणी साचलेले असते. सर्व्हिस टँकच्या तळाचा व्हॉल्व्ह दर शिफ्टला उघडून पाणी काढावे आणि वर्षातून एकदा टँक रिकामा करून गाळ उपसावा. हा गाळ घातक कचरा आहे. तो अधिकृत संस्थेकडेच जावा, शेडमागच्या नाल्यात नाही.

आपल्या हवामानाचाही यात वाटा आहे आणि वरून आलेल्या देखभालीच्या तक्त्यांत तो दिसत नाही. फर्नेस ऑईल बर्नरच्या टोकाशी पुरेसे पातळ व्हायला साधारण १०० अंशांच्या पुढे तापवावे लागते. डिसेंबर-जानेवारीत वाळूजला पहाटे पारा दहाच्या आसपास येतो, तेव्हा रात्रीत तेलाची लाइन गार होऊन घट्ट होते. सकाळी प्रीहीटरला वेळ न देता बर्नर सुरू करण्याची घाई झाली की पहिला फवाराच जाड पडतो. वीज गेली की संकट दुहेरी : ब्लोअर अचानक थांबतो, तापलेल्या भट्टीची धग नोझलवर येते आणि त्यात राहिलेले तेल करपून कार्बन होते. म्हणून वीज आल्यावर लगेच बटण दाबू नये. नोझल पाहूनच सुरुवात व्हावी, तेवढा वेळ गृहीत धरावा. एप्रिल-मेमध्ये धूळ ब्लोअरच्या पात्यांवर बसते आणि हवा कमी पडते. १ किलो तेल जाळायला सुमारे १४ किलो हवा लागते, त्यावर आणखी १५ ते २० टक्के जादा. त्या दोन महिन्यांत ब्लोअरची सफाई महिन्याला नव्हे, दर पंधरा दिवसांनी करावी.

आता आमच्या शरीराबद्दल. काजळी काढायला भट्टीत आणि ट्यूबच्या तोंडाशी शिरणारा हेल्पर बहुतेक वेळा तोंडाला रुमाल बांधून शिरतो. फर्नेस ऑईलच्या राखेत व्हॅनेडियमची संयुगे असतात, त्यांनी श्वासनलिकेला सूज येते. तेलाचे बॉयलर साफ करणाऱ्या कामगारांमधला हा खोकला वैद्यकशास्त्राला जुना परिचित आहे. काजळीने कर्करोग होतो हे लंडनच्या पर्सिव्हल पॉट या शल्यविशारदाने धुराडी साफ करणाऱ्या पोरांत पाहून १७७५ मध्येच लिहून ठेवले होते. अडीचशे वर्षांनंतर रुमालावर काम भागवणे आम्हाला मान्य नाही. योग्य प्रतीचा मास्क, चष्मा, पूर्ण अंगाचा सूट आणि काम संपल्यावर साबण व गरम पाणी ही किमान मागणी आहे. वाफ तयार करणाऱ्यांना गरम पाणी मिळत नसेल तर ते कारखान्याला शोभत नाही. काजळीत काम करणाऱ्या प्रत्येकाची वर्षातून एकदा छातीची तपासणी कारखान्याच्या खर्चाने व्हावी आणि तिचा अहवाल त्याच्या हातात द्यावा.

भट्टीत माणूस शिरण्यापूर्वी तेलाचा व्हॉल्व्ह बंद करून त्याला कुलूप, विजेचा मेन बंद करून त्याला कुलूप, दोन्हींच्या किल्ल्या आत जाणाऱ्याच्या खिशात आणि बाहेर एक माणूस सतत उभा, ही पद्धत कागदावर सगळीकडे आहे. ती प्रत्यक्षात यावी. आत नेण्याचा हातदिवा २४ व्होल्टपेक्षा जास्त नसावा, ही अट १९४८ च्या कारखाने कायद्यातच घातलेली होती. घामाने भिजलेला माणूस लोखंडाच्या नळकांड्यात २३० व्होल्टचा बल्ब घेऊन शिरतो, हे आजही घडते.

बाष्पके संचालनालयाकडे आमच्या दोन विनंत्या आहेत. एक, वार्षिक तपासणीच्या वेळी मागील बारा महिन्यांची बर्नर नोंदवही आणि धुराड्यातला वायू तपासणाऱ्या फ्लू गॅस ॲनलायझरचे सहामाही अहवाल दाखवणे अपेक्षित धरावे. नव्या अधिनियमात बॉयलरच्या आत काम करणाऱ्यांची सुरक्षा आणि पात्र माणसांकडूनच दुरुस्ती यांवर भर दिला आहे. त्याच भूमिकेतून ही नोंदवही तपासणीचा भाग होऊ शकते. दोन, भिंतीवर दाखला एकाचा आणि बॉयलरसमोर माणूस दुसराच, ही परिस्थिती अचानक भेटी देऊन तपासावी, विशेषतः रात्रपाळीत. दाखलाधारक अटेंडंटला चार कामे लावून बॉयलर हेल्परवर सोडला जातो. अपघात झाला की चौकशीत नाव मात्र भिंतीवरच्या माणसाचे येते.

उद्योजक संघटनांना आम्ही सांगू इच्छितो की लहान कारखानदाराची अडचण आम्हाला कळते. एकच बॉयलर, बदली नाही, स्वतःचा ॲनलायझर घेण्याची ऐपत नाही. वार्षिक देखभालीचा करार केलेला माणूस तीन महिन्यांतून एकदा येतो, आणि कार्बन रोज धरतो. वाळूजमध्ये मराठवाडा ऑटो क्लस्टरसारखी सामाईक सुविधा उभी राहू शकली, तर दोन ॲनलायझर, दोन प्रशिक्षित तंत्रज्ञ आणि सुट्या भागांचा सामाईक साठा ही त्यामानाने छोटी गोष्ट आहे. सीएमआयए आणि मसिआने मिळून ती उभारावी, सभासद कारखान्यांना माफक भाड्याने द्यावी. शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्थेच्या मदतीने कामावरच्या अटेंडंट आणि हेल्परांसाठी बर्नरचा लहान अभ्यासक्रम सुरू करावा, प्रत्यक्ष बर्नर उघडून शिकवणारा, आणि त्याचे दिवस पगारी धरावेत. बर्नरची मॅन्युअल इंग्रजीत येतात आणि इंजिनिअरच्या कपाटात राहतात. प्रत्येक बॉयलर हाऊसमध्ये त्या त्या बर्नरचा मराठी तक्ता हवा.

गॅसची पाइपलाइन येते आहे, तेलाचे बर्नर जाणारच आहेत, मग आता खर्च कशाला, असेही आम्हाला ऐकवले जाते. ज्या कारखान्यात गॅस येईल तिथेही तेलाचा बर्नर राखीव म्हणून ठेवला जाण्याची शक्यता मोठी आहे, आणि महिनोन्महिने न चाललेला राखीव बर्नर सुरू करणे रोजच्या बर्नरपेक्षा जोखमीचे असते. शिवाय पर्ज, ज्योतीवरची नजर आणि लॉकआउट यांची शिस्त गॅसला अधिकच कडक लागते. आज तेलावर ती सवय लागली नाही तर उद्या गॅसवर ती कुठून येणार?

या मागण्यांवर दोन्ही संचालनालये, उद्योजक संघटना आणि कामगार प्रतिनिधी यांची संयुक्त बैठक ३० दिवसांच्या आत बोलवावी, ही विनंती. बैठकीला आम्ही साप्ताहिक देखभालीचा मराठी नमुना तक्ता आणि लॉगशीटचा नवा नमुना तयार करून आणू. रिसेटचा नियम आणि फोटोसेल बायपासवरची बंदी यांसाठी मात्र बैठकीची वाट पाहण्याचे कारण नाही. त्यांचे परिपत्रक हे पत्र मिळताच काढता येईल.

आपले,
छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील बॉयलर अटेंडंट, बर्नर फिटर व हेल्पर यांच्या संघटनेचे सर्व सभासद